दुबईचे शून्य, कट्ट्याचे तीस टक्के

मालवण तालुक्यातील कट्टा म्हणजे काही दलाल स्ट्रीट नव्हे. कसालहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावरची ती एक बाजारपेठ. आजूबाजूच्या वाड्यांतील माणूस इथे किराण्याला, औषधपाण्याला, बँकेच्या कामाला येतो. पण कट्ट्यातील तरुणाच्या खिशातल्या मोबाइलवर आज जो बाजार उघडतो, तोच दुबईत, सिंगापुरात आणि न्यूयॉर्कमध्येही उघडतो. बिटकॉइन, इथेरियम, यूएसडीटी ही नावे आता आमच्या वस्त्यांतही ऐकू येतात. कोकणातला माणूस पूर्वी मुंबईच्या गिरणीत राबला, बोटीवर गेला, पुढे आखातात गेला. त्याने पाठवलेल्या पैशावर इथल्या चुली पेटल्या. त्याच पैशाला आता क्रिप्टोची वाट दाखवली जात आहे. म्हणून ‘हा श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून चळवळीला हात झटकता येणार नाहीत.

प्रश्न साधा आहे. नाणे एकच, दिवस एकच, भाव एकच. विकणारा कट्ट्यात असेल तर नफ्यावर तीस टक्के कर, आणि तोच विकणारा दुबईत राहत असेल तर शून्य. यात न्याय कुठला? आमचे उत्तर आम्ही आधीच सांगतो. न्याय कट्ट्यातही नाही आणि दुबईतही नाही. भारत गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकाच दराने कर लावतो, दुबई सगळ्यांना एकसारखे सोडून देते. आणि सर्वांना सारखे वागवणे म्हणजे समता नव्हे, हे या देशात आम्हाला नव्याने कुणी शिकवायला नको!

भारताने काय केले?

क्रिप्टो हे कोणत्याही सरकारने काढलेले चलन नाही. जगभरच्या संगणकांनी मिळून ठेवलेल्या खातेवहीतली ती एक नोंद असते, आणि लोक तिला जेवढे पैसे द्यायला तयार असतात तेवढीच तिची किंमत असते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच जनतेला याबाबत सावध केले होते. ६ एप्रिल २०१८ रोजी तिने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारात सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. पुढे २०२१ मध्ये क्रिप्टोविषयीचे एक विधेयक संसदेच्या कामकाजाच्या यादीत आले, पण ते सभागृहात मांडलेच गेले नाही. तेव्हापासून या देशात क्रिप्टोच्या ग्राहकाला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

कायदा झाला नाही, कर मात्र झाला! २०२२ च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टोला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव दिले आणि १ एप्रिल २०२२ पासून तिच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसवला. त्यावर ४ टक्के उपकर वेगळा. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा करता येत नाही. एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्यातील नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. १ जुलै २०२२ पासून एका ठरावीक रकमेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जाऊ लागला. नफा झाला की तोटा, हे तो टीडीएस विचारत नाही. एक्सचेंजच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी आहेच. मार्च २०२३ मध्ये एक्सचेंजांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले. म्हणजे सरकारचा महसूल आणि सरकारची नजर, दोन्हींची व्यवस्था झाली. ग्राहकाची व्यवस्था राहिली.

‘कर लावला म्हणजे मान्यता दिली का?’ या प्रश्नावर अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यसभेत सांगितले होते की, कर लावणे हा सरकारचा सार्वभौम अधिकार आहे, बंदी घालायची की नाही ते नंतर ठरेल. आमच्या तरुणांनी हे नीट लक्षात ठेवावे. एजंट सांगतो, ‘सरकार टॅक्स घेते म्हणजे एकदम लीगल, पैसा सेफ.’ सरकार लॉटरीच्या बक्षिसावरही ३० टक्केच कर घेते. म्हणून लॉटरीत पैसा सुरक्षित झाला काय?

दुबईने काय केले?

संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही. पगारावर नाही, शेअरवर नाही, स्वतःच्या गुंतवणुकीतल्या क्रिप्टोवरही नाही. जून २०२३ पासून तिथे कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के कर सुरू झाला आहे, तोही ३ लाख ७५ हजार दिरहमपुढच्या नफ्यावर. खासगी गुंतवणूकदार त्याच्या बाहेर आहे.

पण दुबईने एक गोष्ट भारताच्या आधी केली. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे तीस टक्क्यांचा कर लागू होण्याच्या तोंडावर, दुबईने खास कायदा करून ‘वारा’ नावाचे नियामक प्राधिकरण स्थापन केले. एक्सचेंज चालवायचे तर परवाना पाहिजे. ग्राहकाची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवली पाहिजे. जाहिरातीत काय सांगावे, काय सांगू नये, त्याचे नियम वेगळे. नियम मोडणाऱ्यांना तिथे लाखो दिरहमांचे दंड झालेले आहेत.

म्हणून दुबई स्वर्ग झाली असे मात्र कुणी समजू नये. काळ्या पैशाविरुद्धच्या ढिलाईमुळे हाच देश मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात आंतरराष्ट्रीय ‘करड्या यादी’त होता. दुबईत मुख्यालय असलेल्या बायबिट या एक्सचेंजमधून फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. परवाना आणि नियम म्हणजे चोरी होणारच नाही, असा अर्थ नव्हे. चोरी झाल्यावर जाब कुणाला विचारायचा, हे तेवढे ठरलेले असते. भारतात तेही ठरलेले नाही.

आणि दुबईचे शून्य कुणासाठी आहे, तेही पाहा. २०१८ पासून तिथे खरेदीवर ५ टक्के व्हॅट आहे. क्रिप्टोत कोट्यवधी कमावणारा उत्पन्नावर एक दिरहम देत नाही, आणि आमचा कोकणी कामगार तिथल्या दुकानात साबण घेतो तेव्हा मात्र व्हॅट देतो. ज्याची मिळकत सगळी खर्चात जाते, त्याच्या वाट्याला कराचा वाटा मोठा येतो. धनिकाला शून्य आणि श्रमिकाला पाच, असे त्या नंदनवनाचे गणित आहे!

दोन भावांचा हिशोब

आता समजा, कट्ट्यातले दोन भाऊ आहेत. थोरला इथे रिक्षा चालवतो, धाकटा दुबईत हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. दोघांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळी नाणी घेतली आणि एकाच दिवशी विकली. पहिल्या नाण्यात प्रत्येकाला २० हजारांचा नफा झाला, दुसऱ्यात २५ हजारांचा तोटा. दोघांच्याही खिशातून ५ हजार रुपये गेले.

दुबईतल्या धाकट्याचा कर शून्य. कट्ट्यातल्या थोरल्याने मात्र २० हजारांच्या नफ्यावर ६ हजार रुपये कर आणि २४० रुपये उपकर, मिळून ६ हजार २४० रुपये भरायचे! तोटा ५ हजारांचा आणि वर कर सव्वासहा हजारांचा. त्याचे रिक्षाचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या कितीही खाली असले तरी सुटका नाही, कारण ती मर्यादा या उत्पन्नाला लागू होत नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. ती सवलतही इथे नाही. शेअर बाजारात दीर्घकाळ पैसे गुंतवणाऱ्याला मात्र वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे आणि तोटाही वजा करता येतो. शेअरवाल्याला एक न्याय आणि रिक्षावाल्याच्या क्रिप्टोला दुसरा न्याय!

टीडीएसचेही तसेच. समजा, थोरल्याने १० हजारांची रक्कम वर्षात पन्नास वेळा फिरवली आणि भाव जागचा हललाच नाही. प्रत्येक विक्रीला १ टक्का जात राहिला, तर वर्षाअखेर सुमारे ४ हजार रुपये कापले गेलेले असतील. विवरणपत्र भरले तर ते परत मागता येतात. पण आमचे किती रिक्षावाले, किती मासे विकणाऱ्या बाया विवरणपत्र भरतात? ज्याच्याकडे सीए आहे त्याला परतावा, ज्याच्याकडे नाही त्याचे पैसे गेले, असा हा व्यवहार आहे.

धाकट्यानेही गाफील राहू नये. तो अनिवासी आहे तोवर दुबईतला नफा दुबईचा. तो परत येऊन आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक इथे राहिला, की त्या वर्षी इथला कायदा त्याला गाठू शकतो. भारतीय एक्सचेंजवर विकले तर परदेशात राहूनही कर टळत नाही. घरी पैसे पाठवण्यासाठी बँक आणि अधिकृत एक्सचेंज हाऊस सोडून कुणी यूएसडीटीचा आडमार्ग सुचवला, तर त्या वाटेला जाऊ नये. अनोळखी खरेदीदाराने थोरल्याच्या खात्यात जमा केलेला पैसा फसवणुकीतला निघाला, तर पोलीस खाते गोठवतात. मग आईच्या औषधाचे पैसेही अडकतात आणि खुलासे करत फिरावे लागते ते वेगळेच.

बाबासाहेबांची कसोटी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे केवळ घटनेचे शिल्पकार नव्हते, या देशाचे ते पहिल्या फळीचे अर्थतज्ज्ञ होते, हे आम्ही भाषणात सांगतो. पण त्यांची कसोटी आजच्या प्रश्नाला लावायची वेळ आली की गप्प बसतो. फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसारा आणि आयकर यांची तुलना केली होती. आयकर माणसाची ऐपत पाहून घेतला जातो, ज्याचे उत्पन्न नाही त्याला तो द्यावा लागत नाही. शेतसारा मात्र पीक येवो की बुडो, द्यावाच लागतो. एक एकरवाल्यालाही तोच दर आणि जहागीरदारालाही तोच दर. हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

वाचकहो, शेतसाऱ्याच्या जागी क्रिप्टोचा कर ठेवून पाहा. पीक येवो की बुडो, टीडीएस कापला जाणारच. एका शेतात पिकले आणि दुसऱ्यात बुडाले, तरी पिकलेल्या शेताचा सारा पुरता द्या. एक एकरवाल्याला ३० टक्के आणि जहागीरदारालाही ३० टक्के, फार तर त्याला थोडा अधिभार जास्त. जे तत्त्व बाबासाहेबांनी १९२७ मध्ये शेतकऱ्यासाठी मागितले, ते स्वतंत्र भारताच्या करव्यवस्थेने २०२२ मध्ये पुन्हा मोडले. फरक इतकाच की तेव्हा सरकार परके होते.

आता कुणी म्हणेल, जुगारावर कर जबर असलाच पाहिजे, लोक त्यापासून दूर राहतील. मान्य! पण मग तोटा वजा न करण्याचा दंड छोट्यालाच का बसतो? बडा माणूस दुबईत बिऱ्हाड करतो. काही भारतीय क्रिप्टो उद्योजकांनी तसे केलेही. कट्ट्यातला रिक्षावाला कुठे जाणार? अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे २०१४ पासून क्रिप्टोला मालमत्ता मानून नफ्यावर कर आहे, पण तोटा वजा होतो. म्हणजे कर आणि न्याय एकत्र नांदू शकतात.

नवे खोत

कोकणाला खोतीचा इतिहास सांगायला नको. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सरकारचा सारा वसूल करून देण्यास तो बांधील, पण कुळाला तो बांधील नाही. म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

आजची क्रिप्टो एक्सचेंज म्हणजे अशीच मधली माणसे आहेत. टीडीएस कापून सरकारला द्यायचा, संशयित व्यवहार सरकारला कळवायचे, हे त्यांच्यावर बंधन आहे. पण ग्राहकाची नाणी चोरीला गेली तर? १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. लाखो ग्राहकांची खाती अडकली. कंपनीची पुनर्रचना झाली ती सिंगापूरच्या न्यायालयात, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. पैसा गोळा झाला भारतात, कर घेतला भारताने, आणि दाद मागायची सिंगापुरात! कुळाने जायचे कुठे?

त्याआधीचे गेनबिटकॉइन प्रकरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८ महिने दरमहा १० टक्के परतावा, असे आमिष होते. २०१८ मध्ये सूत्रधाराला पुणे पोलिसांनी अटक केली, २०२२ च्या जानेवारीत तो मरण पावला. तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच बिटकॉइन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये अटक झाली. २०२३ अखेर सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. इतकी वर्षे गेली, ठेवीदार वाटच पाहत आहे. महिन्याला १० टक्के कोण देतो? सावकारसुद्धा घेताना जरा लाजतो!

‘मर्यादित नाणे’ हा बाबासाहेबांचा विचार?

एक युक्तिवाद मोठा चतुर आहे. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात बाबासाहेबांनी चलननिर्मितीवर मर्यादा मागितली. बिटकॉइनची संख्याही २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे. म्हणून बिटकॉइन हेच बाबासाहेबांचे चलन!

हे अर्धवट वाचन आहे. मर्यादा हे साधन होते, साध्य नव्हते. बाबासाहेबांना रुपयाची खरेदीशक्ती स्थिर हवी होती, कारण भाव वाढतात तेवढी मजुरी वाढत नाही आणि मार बसतो तो मजुराला. डिसेंबर १९२५ मध्ये रॉयल कमिशनपुढच्या साक्षीतही मजुराचे हे हित त्यांच्यासमोर होते. आता बिटकॉइनची स्थिरता पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलर, वर्षभराने सुमारे १६ हजार. ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वा लाखाच्या वर, पुढच्याच महिन्यात लाखाच्या खाली. ज्या नाण्यात आज मजुरी घेतली तर उद्या तांदूळ किती येईल ते सांगता येत नाही, त्याला श्रमिकाचे चलन म्हणणे ही बाबासाहेबांच्या नावाची विटंबना आहे.

मग बंदी घालावी काय?

आमचे मत तसे नाही, आणि त्याला याच भूमीचा दाखला आहे. १९६३ मध्ये देशात सुवर्ण नियंत्रण आले, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. हेतू सोन्याची हाव कमी करण्याचा होता. घडले असे की छोट्या सोनारांचा धंदा बसला आणि दुबईचे सोने चोरवाटेने पश्चिम किनाऱ्यावर उतरत राहिले. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्री होते प्रा. मधू दंडवते, ज्या राजापूर मतदारसंघात मालवण तालुका मोडत होता तिथले खासदार. बंदीने व्यवहार थांबत नाही, तो अंधारात जातो, आणि अंधारात लहान माणूस आधी लुटला जातो. जाचक कराचेही तेच होते. म्हणून तर डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला नऊ परदेशी एक्सचेंजांना नोटिसा काढाव्या लागल्या.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, कर ऐपतीप्रमाणे घ्या. छोट्या उत्पन्नाला करमुक्त मर्यादा लागू करा, तोटा वजा करू द्या आणि बड्यांकडून पुरेपूर वसूल करा. दुसरी, कराच्या आधी कवच द्या. परवाना, ग्राहकाच्या मालमत्तेची वेगळी नोंद, जाहिरातीवर लगाम आणि दाद मागायला भारतातच जागा, हे कायद्याने ठरवा. दुबईकडून घ्यायचे तर हे घ्या, शून्य कर घेऊ नका. तिसरी, टीडीएसचा दर नाममात्र ठेवा. व्यवहाराची नोंद हवी तर ती नाममात्र दरानेही होते.

आणि आमच्या बांधवांना एक कळकळीची विनंती. विहारात, बचत गटात, जयंतीच्या बैठकीत हा विषय काढा. कर्ज काढून, दागिना मोडून, आखातातून आलेला पैसा ओतून कुणी या बाजारात उतरू नये. ज्याला उतरायचेच आहे त्याने बुडाले तरी चूल विझणार नाही एवढ्याच पैशाने उतरावे, प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवावी आणि विवरणपत्र भरावे. हमखास परतावा सांगणारा आपल्याच जातीचा, आपल्याच गावचा, गळ्यात निळा रुमाल घातलेला असला तरी त्याला दारातूनच परत पाठवावे.

१९२७ मध्ये बाबासाहेबांनी सभागृहात जो प्रश्न विचारला, तो आज कट्ट्याच्या रिक्षाथांब्यावरून विचारला गेला पाहिजे : माझ्याकडून कर घेताना माझी ऐपत पाहिली काय, आणि कर घेतल्यावर माझ्या पैशाची राखण केली काय? ज्या सरकारला दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे देता येत नाही, ते दुबईचे असो वा दिल्लीचे, त्याचा कायदा अपुरा आहे. तो पुरा करून घेणे हे चळवळीचे काम आहे.

जयभीम!